अवजारांचे व्हिडिओ काढायला छोटा ट्रॅक्टर घ्यायचाय? मग आधी हे ऐका

आजचा भाग ज्यांना हेडफोन लावून ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी नेहमीसारखा लिहून काढलाय. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, आकडे तेवढे पुन्हा तपासून घेतले.

विषय जरा वेगळा आहे. माझा आतेभाऊ, आम्ही त्याला दादाच म्हणतो, कोल्हारला नगर-मनमाड रोडला अवजारांचं छोटं वर्कशॉप चालवतो. सरी रिजर, पाच दात्यांचा फण, लेव्हलिंगचं ब्लेड हे स्वतः बनवतो. रोटाव्हेटर बाहेरून आणून विकतो. आता गिऱ्हाईक दुकानात येण्याआधी फोनवर व्हिडिओ बघतं, आणि मगच 'केवढ्याला देताय' विचारतं. म्हणून दादाला व्हिडिओसाठी स्वतःचा एक छोटा ट्रॅक्टर घ्यायचाय. पाच-सहा लाखांची वस्तू, निम्म्याहून जास्त कर्ज. मी सॉफ्टवेअरवाला, पुण्यात नोकरी, शेतीतलं ज्ञान सुट्टीपुरतं. पण कॅमेरा आणि आकडेमोड माझ्याकडे, त्यामुळे 'तू सांग कोणता घेऊ' हा प्रश्नही माझ्याकडेच आला.

यूट्यूबवर शोधलं तर सगळे एचपी आणि मायलेजवर बोलतात. चित्रीकरणासाठी ट्रॅक्टर कसा निवडायचा, हे कुणी सांगत नाही. मग जे शोधलं ते सांगतो.

सगळ्यात पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा नाहीच. तुमच्या गिऱ्हाइकाकडे कोणता ट्रॅक्टर आहे, हा पहिला प्रश्न. दादाचा एक जुना व्हिडिओ होता, शेजाऱ्याच्या ४५ एचपीवर रोटाव्हेटर चालवलेला. माती लोण्यासारखी उडतेय, बघायला एक नंबर. तो बघून एका शेतकऱ्यानं तोच रोटाव्हेटर नेला. त्याच्याकडे १५ एचपीचा, एका सिलिंडरचा ट्रॅक्टर. चार दिवसांत वस्तू परत. व्हिडिओत खोटं काहीच नव्हतं, पण माणसाची फसगत झालीच ना. त्याची पेरणीची वेळ गेली, दादाचं नाव गेलं. आपल्या पट्ट्यात ऊस, पेरू, डाळिंब. उसाच्या सरीत आणि फळबागेत घुसायला लोक घेतात ते १५ ते २८ एचपीच्या दरम्यानचे ट्रॅक्टर. म्हणजे डेमो त्याच टप्प्यात झाला पाहिजे. मोठा ट्रॅक्टर कितीही भारी दिसला तरी तो आपल्या कामाचा नाही.

आता एचपीची गंमत ऐका. बॉनेटवर लिहिलेला आकडा इंजिनाचा असतो. अवजाराला मिळते ती ताकद पीटीओची, म्हणजे मागच्या फिरत्या दांड्याची. कुबोटा निओस्टार बी२४४१ आणि महिंद्रा जीवो २४५ डीआय, दोन्ही २४ एचपीचे, दोन्ही चारही चाकं ओढणारे. पण कंपन्यांच्याच माहितीपत्रकात पीटीओची ताकद कुबोटाची साडेसतराच्या आसपास आणि जीवोची २२. रोटाव्हेटरसाठी हा फरक छोटा नाही. उलट बाजूनं बघा, कुबोटाला तीन सिलिंडर आणि जीवोला दोन. व्हिडिओसाठी सिलिंडर का मोजायचे, ते सांगतो, कारण माझ्या मते खरी मेख तिथंच आहे.

चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांमध्ये एकदा पेटतो. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर एका सिलिंडरच्या ट्रॅक्टरला सेकंदाला साधारण १७ धक्के बसतात. तीन सिलिंडर असतील तर तेच ५० धक्के, पण प्रत्येक धक्का लहान. १७ चा धक्का म्हणजे आख्खा मडगार्ड, सीट आणि त्यावर लावलेला फोन हलतो. फोनचा कॅमेरा चित्र एकदम टिपत नाही, ओळीओळीनं वरून खाली वाचत जातो. वाचता वाचता फोन हलला की सरळ दांडा जेलीसारखा वळवळतो. हे एडिटिंगमध्ये नीट होत नाही. स्वराज ७१७ किंवा महिंद्रा युवराज २१५ हे एका सिलिंडरचे ट्रॅक्टर कामाला दणकट आहेत, स्वस्त आहेत, पण त्यांच्यावर कॅमेरा चढवू नका. जमिनीवर ट्रायपॉड लावा, मग काही अडत नाही.

आणि तुमचा फोन महागाचा असेल तर अजून एक. ॲपलनं २०२१ च्या सप्टेंबरमध्ये अधिकृतपणे सांगितलं होतं की ताकदवान मोटारसायकलच्या हँडलला आयफोन थेट लावला तर कंपनांमुळे कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची आणि फोकसची यंत्रणा हळूहळू खराब होऊ शकते. ट्रॅक्टरचं नाव त्यात नाही, पण धक्के काही मोटारसायकलचे वेगळे आणि ट्रॅक्टरचे वेगळे नसतात. ट्रॅक्टरवरचा शॉट पाहिजेच असेल तर जुना फोन, रबराचा माउंट, आणि दोन मिनिटांत काढून घ्यायचा.

हे सगळं मोजता येतं, अंदाज लावायची गरज नाही. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठानं बनवलेलं 'फायफॉक्स' नावाचं फुकट ॲप आहे. फोनमधल्या सेन्सरनं ते कंपनं मोजतं आणि कोणत्या वारंवारितेला जोर आहे तेही दाखवतं. शोरूमच्या पोराला सांगायचं, 'इंजिन कामाच्या वेगावर ने.' फोन मडगार्डवर ठेवायचा, अर्धा मिनिट रेकॉर्ड करायचं. दुसऱ्या ट्रॅक्टरवर पण तेच, त्याच जागी. आलेख शेजारीशेजारी ठेवले की सेल्समनला बोलायला फार काही उरत नाही. आमच्याकडे तर त्याच पोरानं ॲपचं नाव लिहून घेतलं.

घरबसल्या करायचं असेल तर बुदनीचे रिपोर्ट वाचा. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची शेतीयंत्रांच्या प्रशिक्षणाची आणि चाचणीची संस्था आहे, १९५५ पासूनची. ट्रॅक्टर मॉडेलची चाचणी तिथं होते आणि रिपोर्ट निघतो. त्यात पीटीओची खरी ताकद, वळायला लागणारी जागा, ठिकठिकाणची कंपनं आणि आवाज, सगळं मोजलेलं असतं. आवाज दोन जागी मोजतात, चालकाच्या कानापाशी आणि बाजूला साडेसात मीटरवर उभ्या माणसापाशी. अहो, साडेसात मीटरवर उभा असलेला माणूस म्हणजे आपला कॅमेरामनच की! डेसिबलमध्ये ३ चा फरक दिसायला किरकोळ वाटतो, पण ध्वनीची ऊर्जा त्यात दुप्पट होते. माहितीपत्रकात 'सायलेंट इंजिन' लिहिलेलं वाचण्यापेक्षा हा एक आकडा वाचलेला परवडतो.

आता पीटीओकडे परत येऊ. ठरलेला वेग मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला ९. फोनचा शटर १/५० सेकंदावर असेल तर तेवढ्यात दांडा ६५ अंश फिरून जातो, चित्रात नुसता धुरळा. १/५०० केला तर साडेसहा अंश, दांडा स्पष्ट दिसतो. उन्हात हे सहज जमतं, म्हणून डेमो सकाळी नऊ-दहाला ठेवा, संध्याकाळच्या 'सिनेमॅटिक' उजेडात नको.

रोटाव्हेटरची पाती उलटी फिरताना दिसतात, असे प्रश्न तुमच्यापैकी कितीतरी जणांनी पाठवलेत. त्याचं गणित असं: रोटर मिनिटाला २१० फेरे धरला तर सेकंदाला साडेतीन. एका चकतीवर सहा पाती असतील तर एका जागेवरून सेकंदाला २१ पाती जातात. कॅमेरा सेकंदाला २५ चित्रं घेत असेल तर प्रत्येक पुढच्या चित्रात पातं मागच्या पात्याच्या जागेला थोडं कमी पडतं, आणि डोळ्याला चाक हळूहळू मागं फिरतंय असं वाटतं. १२० च्या स्लो मोशनवर हे होत नाही. गिऱ्हाईक मात्र कमेंट टाकतं, 'भाऊ, गियरबॉक्स उलटा बसवलाय.'

यातलं ट्रॅक्टरशी संबंधित काय, तर पीटीओचा क्लच. साध्या सिंगल क्लचवाल्या ट्रॅक्टरला क्लच दाबला की चाकं आणि पीटीओ दोन्ही थांबतात. स्वतंत्र पीटीओ असेल तर ट्रॅक्टर जागेवर उभा आणि अवजार फिरतंय, असा शॉट मिळतो. दुसरी गोष्ट म्हणजे मागं-पुढं जाण्याची सोय. शूटिंग म्हणजे रिटेक. दहा वेळा पट्टा मागं घ्यायचा असतो. महिंद्राची ओजा मालिका १५ ऑगस्ट २०२३ ला केपटाउनला दाखवली गेली, तिच्यात पुढचे आणि मागचे गियर बारा-बारा आहेत आणि एका दांडीनं दिशा बदलते. त्या गटातला २१२४ किंवा २१२७ आम्ही याच कारणासाठी यादीत ठेवला.

वेगाचंही बघून घ्या. तासाला दोन किलोमीटर म्हणजे सेकंदाला अर्ध्या मीटरहून थोडं जास्त. तीस मीटरचा पट्टा पार व्हायला ५४ सेकंद लागतात, तेवढ्यात बोलणाऱ्याचं एक आख्खं वाक्य-दोन वाक्यं नीट बसतात, आणि कॅमेरावाला ढेकळात न पडता बाजूनं चालू शकतो. म्हणून सगळ्यात खालच्या गियरचा वेग किती, हे विचाराच. पण इथं एक चोरवाट आहे. रोटाव्हेटर हळू चालवला की माती जास्त बारीक होते. शेतकरी त्याच्या रानात दुप्पट वेगानं चालवणार, त्याला ती बारीक माती मिळणार नाही. त्यामुळे एक पट्टा हळू आणि एक पट्टा रोजच्या कामाच्या गियरमध्ये, दोन्ही दाखवायचे असं मी दादाला सांगितलंय. तो म्हणाला, 'धंदा बुडवशील.' मी म्हटलं, परत आलेला रोटाव्हेटर आठव.

उचलण्याच्या ताकदीबद्दल थोडक्यात. कुबोटा बी२४४१ चं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास आणि लिफ्टचा दावा ७५० किलोचा. स्वतःच्या वजनापेक्षा जास्त! तो आकडा खालच्या दोन दांड्यांच्या टोकाशी धरलेला असतो. अवजाराचा भार त्याच्याही मागे लोंबतो, त्यामुळे प्रत्यक्षात कमी उचलतं आणि पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग ऐकत नाही. अवजार वर उचलून वळतानाचा शॉट छान येतो म्हणून लोक तोच काढतात. पुढं वजनं लावल्याशिवाय तो काढू नका. आणि उचललेल्या अवजाराखाली फोन धरून वाकायचं नाही. खालून दाखवायचं असेल तर अवजार भक्कम ठोकळ्यांवर टेकवा, इंजिन बंद करा, चावी खिशात ठेवा.

हे मी जरा जोर देऊन सांगतोय, कारण फिरत्या दांड्याजवळ आता ऑपरेटरसोबत कॅमेरावाला पण उभा असतो, गळ्यात पट्टा, कानात वायर. दांड्याची बाहेरची नळी साडेसहा सेंटिमीटर जाड धरली तर ५४० फेऱ्यांना ती सेकंदाला जवळपास दोन मीटर कापड गुंडाळते. उपरणं, ओढणी, माइकची वायर, काहीही. हात मागं घ्यायला वेळच मिळत नाही. दांड्यावर प्लास्टिकचं कव्हर नसेल तर शूटिंग करायचं नाही, एवढं आमचं ठरलंय. 'कव्हर काढून दाखवा, आत काय ते दिसत नाही' असं कुणी म्हटलं तर फिरता दांडा दाखवायचाच नाही.

रंगाबद्दल हसू नका, पण बघा. हिरवा ट्रॅक्टर उसात हरवतो. नारिंगी किंवा लाल उठून दिसतो, मात्र अवजारही लाल असेल तर दोन्ही एकमेकांत मिसळतात. आपली प्रवराकाठची काळी माती तर फोनला समजतच नाही. तो आपोआप उजेड वाढवतो आणि काळं रान राखाडी दिसतं. बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा. रान वाफशावर असतानाच शूट करा. ओल्या काळ्या मातीत दोन चाकी ओढीचा छोटा ट्रॅक्टर जागेवर घसरतो आणि अवजाराची बदनामी होते. आमच्याकडच्या रानासाठी चारही चाकांची ओढ मी पर्याय म्हणून धरतच नाही, ती लागतेच.

पैशांचं एवढंच सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, जुना कोटेशन दाखवत असतील तर नवा मागा. महाडीबीटीवर अनुदानाचा अर्ज करणार असाल तर पूर्वसंमती हातात येण्याआधी खरेदी करू नका, नंतर भांडून उपयोग होत नाही.

दादाचं सध्या असं ठरतंय: तीन सिलिंडर, चारही चाकांची ओढ, २१ ते २७ एचपीच्या मधला, स्वतंत्र पीटीओ असलेला. डीलरला डेमो शोरूमच्या फरशीवर नको, आमच्या रानात द्या असं सांगितलंय, दादाचाच फण आणि रोटाव्हेटर लावून. १५ एचपीचा एक ट्रॅक्टर भावकीत आहे, तो प्रत्येक व्हिडिओच्या दुसऱ्या भागासाठी भाड्यानं घ्यायचा. १५ वर अवजार दम तोडत असेल तर तेही दिसू द्यायचं. आणि प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला पाटीवर खडूनं लिहायचं: ट्रॅक्टर किती एचपीचा, कोणता गियर, कोणती जमीन, शेवटचा पाऊस किंवा पाणी कधी.

तुमच्याकडे कोणता ट्रॅक्टर आहे आणि मडगार्डवर फायफॉक्सनं काय आकडा दाखवला, ते व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात ट्रॅक्टर चालू असताना माणसाचा आवाज नीट कसा रेकॉर्ड करायचा, ते बघू.