बाजारचा रविवार

सकाळी ८.१५
सांगोल्यात रविवारी जनावरांचा बाजार भरतो. त्यामुळे दातांच्या या डॉक्टर मॅडमना रविवारची सुट्टी परवडत नाही, सुट्टी सोमवारी. शटर त्या स्वतःच वर करतात. वय एकोणतीस. मागच्या खोपच्यात जाऊन आधी कॉम्प्रेसरखालचा नळ सोडतात. टाकीत साठलेलं पाणी फस्सकन बाहेर येतं. ते काढलं नाही तर ओलावा हवेबरोबर दात कोरायच्या एअरोटरमध्ये शिरतो, आणि एअरोटर बिघडला की दिवस बुडाला. मग काल घासून ठेवलेली हत्यारं ऑटोक्लेव्हमध्ये. १२१ अंश, पंधरा पौंड दाब, पंधरा मिनिटं.

९.३०
मदतनीस ताई आल्या. पगार सात हजार. चिठ्ठ्या, फोन, लाळ ओढायची नळी धरणं, भांडी घासणं, घाबरलेल्याचा हात धरणं, सगळं त्यांच्याकडे. बाकावर चौघं आधीच बसलेत. एका म्हाताऱ्याच्या गालाला रुमाल बांधलाय.

१०.०५
रुमालवाल्या बाबांची खालची दाढ. आठ दिवस लवंग धरली, मग तंबाखू धरली.
“काढूनच टाका मॅडम. लई ठणकतंय.”
“जेवलाय का? बीपी, शुगर? रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का?”
बाबांना गोळ्यांची नावं येत नाहीत. सुनेला फोन लागतो. ती पाकिटावरची अक्षरं एकेक करून वाचते. बीपीची आहे, पातळ करायची नाही. मॅडम बीपी मोजतात, मगच भूल देतात. पाच मिनिटांनी विचारतात, “ओठ जड झाला?” मग दाढ दोन्ही बाजूंनी हळूहळू हलवत राहतात. ताकद मनगटात नाही, खांद्यात लागते. दाढ येते, मुळाशी पू. दाढ पिवळ्या पिशवीत, सुई पांढऱ्या डब्यात, हातमोजे लाल पिशवीत. चारशे रुपये. “कापूस अर्धा तास दाबून धरा. थुंकायचं नाही. तंबाखू आज नाही.” बाबा बोटानंच विचारतात, उद्या?

११.४०
रूट कॅनल. बाई दूध घालतात, दोन म्हशी. खालच्या दाढेत बहुधा तीन नळ्या असतात, हिच्यात चौथी निघाली. दहा नंबरची फाइल म्हणजे टोकाला मिलिमीटरचा दहावा भाग. ती बोटांच्या चिमटीत धरून पाव फेरी पुढे, पाव फेरी मागे. जोर लावला तर आत मोडते, आणि मोडलेला तुकडा काढणं दाढ काढण्यापेक्षा अवघड. मधे वीज जाते. इन्व्हर्टरवर दिवा चालतो, कॉम्प्रेसर नाही. मॅडम हातानंच फाइल फिरवत राहतात. मान तेवढी एकदा मोडून घेतात.
तीन हजार, कॅप वेगळी. आज पाचशे. उरलेले दुधाच्या बिलाला, दर दहा दिवसांनी. सुरुवातीला मॅडम पूर्ण पैसे आधी मागायच्या. लोक ठणका थांबला की परत यायचेच नाहीत. आता तारखा डेअरीच्या बिलावर बेतलेल्या असतात.

दुपारी १.१५
विशीतला मुलगा. तिखट झोंबतं म्हणतो. “आ कर.” तीन बोटं उभी जायला हवीत, दोनच जातात. गाल आतून पांढरट, चामड्यागत ताठ. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पुडी त्याच्या खिशात आहे. मॅडम आवाज चढवत नाहीत. मोबाइलवर त्याच्याच गालाचा फोटो काढून त्याला दाखवतात, मिरजेच्या दवाखान्यात जायची चिठ्ठी लिहितात. पैसे घेत नाहीत. तो मिरजेला जाईल का, हे मी विचारत नाही.

३.००
डबा. भाकरी, शेंगाचटणी. चार वर्षं बीडीएस, एक वर्ष इंटर्नशिप, मग पुण्यात दुसऱ्याच्या दवाखान्यात बारा हजारांवर नोकरी. त्यातले सहा खोलीभाड्याला. तिथे दिवसभर दात साफ करून दिले, हातात रूट कॅनल क्वचित आली. म्हणून इथे. खुर्ची जुनी घेतली, एक्स-रे नवा. गाळ्याचं भाडं आठ हजार, बँकेचा हप्ता चौदा. पहिल्या महिन्यात बाहेर पाटी वाचून लोक पुढे जायचे, असं ताई सांगतात. मॅडम फक्त हसतात.

४.३०
आजींची कवळी, चौथी खेप. मेणात बसवलेले दात तोंडात घालून पाहायचे. “आजी, पंचावन्न म्हणा.” दात खडखडतात. वरचे पुढे आलेत, मॅडम मेण गरम करून दोन दात आत घेतात. पुन्हा पंचावन्न. आजींना दात पांढरेशुभ्र हवेत. मॅडमनी निवडलेला रंग त्यांना मिशरी लावल्यासारखा वाटतो. वाद बराच चालतो. शेवटी मधला रंग. डबा एसटीच्या पार्सलने सोलापूरच्या लॅबला.

रात्री ८.२०
बाजार उठला. हत्यारं घासून झाली. मॅडम वही उघडतात. शेवटच्या रकान्यावर ‘बाकी’. एका नावापुढे ‘दूध’, एकापुढे ‘मुलगा फोन-पे करेल’, तिघांपुढे ‘डाळिंबाची पट्टी’. यंदा डाळिंबावर तेल्या रोग पडलाय, त्या तिघांचे पैसे लांबतील.
मग त्या दात-सामानाच्या व्यापाऱ्याला फोन लावतात. फाइलींची दोन पाकिटं, एक भुलीची बाटली, हातमोज्यांचा खोका.
“पैसे दहा तारखेनंतर देते हं,” त्या म्हणतात. पलीकडून तो विचारतो, मागचे साडेआठशे धरून ना?