सुताच्या मापात उतरलेलं विमान

दिवाळीच्या सुमारास वाशिमहून कारंजाकडे निघालं की दोन्ही बाजूंची वावरं मोकळी दिसतात. सोयाबीन निघालेलं असतं, तूर हिरवीगार उभी असते, आणि अकराच्या उन्हात घारी पंख न हलवता वर चढत असतात. उघडी काळी माती शेजारच्या तुरीपेक्षा लवकर तापते. तिच्यावरची हवा हलकी होऊन वर निघते आणि घार तिच्यातच गोल फिरत राहते. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी लोकांनी घरच्या टेबलावर जी मॉडेल विमानं घडवली, ती याच वर चढणाऱ्या हवेच्या भरवशावर. आज ती जुन्या नकाशांवरून पुन्हा बांधली जातात, फक्त पोटात रेडिओ असतो. हा छंद आपल्या जिल्ह्यात रुजावा असं मला फार वाटतं.

या विमानांचा मूळपुरुष फ्रान्सचा अल्फोन्स पेनो. 1871 साली पॅरिसच्या त्युइलरी बागेत त्याने पिळलेल्या रबरावर चालणारं चिमुकलं विमान अकरा सेकंद उडवलं. ते आपोआप तोल सावरत होतं, आणि तेच त्याचं खरं यश. पुढे 1930 च्या दशकात छोटी पेट्रोल इंजिनं आली, पण हातातून सुटलेल्या विमानावर कोणाचाच ताबा नसे. म्हणून रचनाकारांनी पंखांची टोकं उचलून धरली. विमान एका अंगाला कललं की ते स्वतःच सरळ व्हायचं. नवशिक्याला आजही हीच विमानं शिकवायला बरी पडतात, ती या जुन्या नाइलाजामुळे.

1937 मध्ये अमेरिकेतल्या वॉल्टर आणि विल्यम गुड या भावांनी ‘गफ’ नावाचं मॉडेल रेडिओवर उडवलं. ते आज वॉशिंग्टनच्या हवाई व अंतराळ संग्रहालयाच्या ठेव्यात आहे. त्यानंतर बरीच वर्षं साध्या संचांत एकच बटण असे. एकदा दाबलं तर सुकाणू उजवीकडे, दोनदा दाबलं तर डावीकडे, आणि सुकाणू ओढायची ताकद पिळलेल्या रबराची. एवढ्याशा आधारावर लोक विमान परत पायाशी आणत, याचं मला अजून नवल वाटतं.

बांधायला घ्यावं असं पहिलं नाव म्हणजे ‘ज्युनिअर सिक्स्टी’. इंग्लंडच्या कीलक्राफ्ट कंपनीसाठी अल्बर्ट हॅटफुलने ते 1946 च्या सुमारास आखलं. पंखाची लांबी साठ इंच, पंख छतावर, खाली खिडक्यांची चौकोनी केबिन. घरात जागा कमी असेल तर व्हिक स्मीडचं 1950 मधलं छत्तीस इंची ‘टॉमबॉय’ घ्यावं.

असा नकाशा मी पहिल्यांदा ओळखीच्या सुतारापुढे पसरला तेव्हा मला मापांची भीती वाटत होती. सगळं इंचाच्या भागांत. त्याने पेन्सिल कानावरून काढली आणि वाचायला लागला : इंचाचा आठवा हिस्सा म्हणजे एक सूत, सोळावा म्हणजे अर्धा सूत, तीन बत्तिसांश म्हणजे पाऊण सूत. इंग्लंडमध्ये काढलेला नकाशा आपल्या सुताराच्या बोलीत सरळ उतरला. मिलिमीटर शिकलेल्या मला जे अवघड, ते त्याचं रोजचं होतं.

अडचण लाकडाची. हे काम बाल्साचं, आणि बाल्सा मूळचा उष्णकटिबंधीय अमेरिकेचा. एका घनमीटरला सागवान साडेसहाशे किलोच्या आसपास भरतं, चांगला बाल्सा दीडशेच्या. काटेसावर आणि पांगारा आपल्याकडचे हलके, पण बाल्साची बरोबरी त्यांना येत नाही. तेव्हा बाल्साचे तक्ते मागवावेत आणि विकतच्या लाकडातही निवड करावी : धडाच्या लांब पट्ट्यांना कडक, शेपटीला सगळ्यांत हलकं. शेपटीकडे वाढलेला प्रत्येक ग्रॅम नाकाशी कित्येक ग्रॅमने फेडावा लागतो.

नकाशा सपाट फळीवर लावायचा, वर पारदर्शक प्लास्टिक, आणि त्यावर टाचण्यांनी पट्ट्या रोवत सांगाडा जोडायचा. पंखाच्या फासळ्या एकेक कापू नयेत. प्लायवुडचे दोन साचे करावेत, त्यांच्यामध्ये बाल्साचे तुकडे दाबून धरावेत आणि सगळी थप्पी एकदम घासावी. मग फासळी फासळीसारखी होते. धडाची दुसरी बाजू पहिलीच्याच वर बांधावी, नाहीतर विमान केळ्यासारखं वाकतं.

कागद चढवणं आपल्या पोरांना परकं नाही. संक्रांतीला कामटीवर ताव चिकटवणारा हात इथेही चालतो. टिश्यू कागद लावून पाण्याचा बारीक फवारा मारला की तो वाळताना आवळतो, वर डोप या रोगणाचे पातळ हात दिले की आणखी ताणतो. माझा पहिला पंख इथेच बिघडला. डोप ओला असताना मी तो फळीवर जखडून ठेवला नाही आणि तो पिळला गेला. वाफेवर धरून, उलट पिळून तो सरळ करायला दोन संध्याकाळी लागल्या.

रेडिओचं काम आता सोपं आहे. सुकाणू आणि शेपटीची पट्टी हलवायला दोन छोट्या सर्व्हो मोटरी, एक ब्रशलेस मोटर, तीन सेलची लिथियम बॅटरी. साठ इंची विमान दोन किलोच्या आत ठेवता येतं. मात्र जुन्या नकाशावर तोलबिंदू बराच मागे दाखवलेला असतो, कारण त्या काळची शेपटीही थोडं वजन उचलायची. रेडिओवर उडवताना तो पुढे आणावा. बॅटरीची जागा शेवटी ठरवायची ती यासाठीच.

2021 च्या ड्रोन नियमांत छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या मॉडेलचा वेगळा उल्लेख आहे. हरित क्षेत्रात चारशे फुटांची मर्यादा असते, आणि आपली जागा कोणत्या क्षेत्रात येते ते सरकारी नकाशावर आधी पाहावं. विजेच्या तारांपासून दूर राहावं. कारंजा-सोहोळचं गवताळ रान कितीही मोहात पाडो, ते काळविटांचं अभयारण्य आहे, तिथे जाऊ नये.

पहिली चाचणी मोटर बंद ठेवून, सकाळी सातच्या आत, वारा पडलेला असताना. धुऱ्यावर उभं राहून विमान सपाट, नाक किंचित खाली ठेवून वावरात सोडायचं. नाक वर काढून ते थबकलं तर बॅटरी दोन सूत पुढे सरकवायची, सरळ खाली गेलं तर एक सूत मागे. मग पुन्हा धुऱ्यावर यायचं.