स्टुडिओ घरी आला; हक्काचे काय?

ध्वनिमुद्रणासाठी एकेकाळी बाहेरचा आवाज आत न येऊ देणारी खोली, टेपयंत्रे, ध्वनिमिश्रणाचा लांबरुंद फलक, वादकांचा ताफा आणि तासाच्या हिशेबाने भाडे लावणारा स्टुडिओ एवढा पसारा लागत असे. आज त्यातील बहुतेक गोष्टी एका लॅपटॉपमध्ये, कित्येकदा नुसत्या मोबाइल फोनमध्ये सामावल्या आहेत. रांची, दिब्रुगड किंवा सोलापूर येथील एखादी विद्यार्थिनी घरच्या टेबलाशी बसून ठेका रचते, त्यावर सुरावट बसवते, हेडफोन लावून स्वतःचा आवाज मुद्रित करते आणि त्याच रात्री ते गाणे जगासाठी खुले करू शकते. याकडे आपण तरुणांचा छंद म्हणून पाहतो. वस्तुतः हा निर्मितीच्या साधनांचा आणि त्यातून उभ्या राहणाऱ्या संपत्तीवरील हक्काचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच तो सार्वजनिक धोरणाच्या कक्षेत येतो.

नवशिक्यांसाठी असलेल्या संगीतनिर्मितीच्या सॉफ्टवेअरची रचना समजून घेणे अवघड नाही. पडद्यावर आडव्या पट्ट्या असतात. एकेक पट्टी एकेका वाद्यासाठी किंवा आवाजासाठी. तालाच्या चौकटीत घरे भरली की ठेका वाजू लागतो. तयार ध्वनितुकडे, म्हणजे ‘लूप’, उचलून एकापुढे एक मांडता येतात. स्वरलेखन येत नसले तरी अडत नाही. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात आकाराला आलेले ‘ऑडॅसिटी’ २००० सालापासून मोफत उपलब्ध आहे. ॲपलने २००४ मध्ये आणलेले ‘गराजबँड’ त्या कंपनीच्या उपकरणांवर विनाशुल्क मिळते. सिंगापूरचे ‘बँडलॅब’ फोनवर आणि ब्राउझरमध्ये चालते, तर ‘फ्रूटीलूप्स’ या नावाने सुरू झालेले बेल्जियमचे ‘एफएल स्टुडिओ’ जगभरच्या हौशी संगीतकारांचे पहिले शिक्षक ठरले आहे. प्रवेशशुल्क असे काही उरलेलेच नाही. उरले आहे ते यंत्र, वीज, इंटरनेट आणि पुरेसा निवांत कोपरा; यांपैकी शेवटची गोष्ट आपल्या शहरांत सर्वांत दुर्मीळ.

यंत्र बदलले, वाटणी तीच

भारतीय संगीताच्या अर्थकारणात तंत्रज्ञानाने उलथापालथ घडवण्याची ही पहिली वेळ नव्हे. १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग यांनी कोलकात्यात गौहरजान यांचे गायन मुद्रित केले, तेव्हा तबकड्या परदेशात छापून येत. १९०८ मध्ये सियालदह येथे कारखाना उभा राहिला आणि त्यानंतर कित्येक दशके ग्रामोफोन कंपनीचे या व्यवसायावर वर्चस्व राहिले. कोणाचे गाणे मुद्रित व्हावे, हे ज्याच्याकडे यंत्र तो ठरवत असे.

१९८० च्या दशकात कॅसेटने हे वर्चस्व मोडले. पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ या १९९३ च्या ग्रंथात उत्तर भारतातील या स्थित्यंतराचा तपशीलवार अभ्यास मांडला आहे. मोठ्या कंपन्यांना ज्या बोलींत रस नव्हता, त्या बोलींतील गाणी गावोगावच्या छोट्या उत्पादकांनी बाजारात आणली. श्रोत्याचा आणि गायकाचा परीघ विस्तारला. गीतकार आणि संगीतकाराच्या हक्कांचा परीघ मात्र होता तेवढाच राहिला. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या निकालात असे म्हटले होते, की निर्मात्याने मोबदला देऊन करून घेतलेल्या चित्रपटसंगीताचा पहिला मालक, अन्यथा करार नसेल तर, निर्माताच. त्यामुळे गाणे कितीही वेळा नव्याने विकले गेले तरी ते रचणाऱ्याच्या हाती सहसा काही पडत नसे.

दरम्यान, यंत्र माणसाच्या अधिकाधिक जवळ येत गेले. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीच्या यंत्रांवर दहा रागांची इलेक्ट्रॉनिक ध्वनिमुद्रिका केली. ती त्या काळी दुर्लक्षित राहिली. २०१० मध्ये परदेशातून तिची पुनरावृत्ती निघाली, तेव्हा जगाने तिची दखल घेतली. ए. आर. रहमान यांनी ‘रोजा’चे (१९९२) संगीत चेन्नईत घराच्या आवारातील स्वतःच्या स्टुडिओत घडवले. २०१४ मध्ये मुंबईतील कुर्ल्याच्या नावेद शेख ऊर्फ नेझी या तरुणाने ‘आफत’ हे रॅपगीत एका आयपॅडवर तयार केले आणि पुढे ‘गली बॉय’ या चित्रपटाच्या प्रेरणांमध्ये त्याची गणना झाली. आवारातील स्टुडिओपासून हातातील पाटीपर्यंतचा हा प्रवास सुमारे दोन दशकांत झाला.

चौकटीचे व्याकरण

साधन स्वस्त झाले म्हणजे ते तटस्थ झाले, असे नाही. यातील बहुतेक सॉफ्टवेअर उघडताच समोर येते ती चार मात्रांची चौकट, मिनिटाला १२० ठोके आणि पियानोच्या पट्ट्या, ज्यांवर सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. १९८३ मध्ये रूढ झालेल्या ‘मिडी’ या संकेतप्रणालीची घडणही याच पट्ट्यांवर झाली. सात मात्रांचा रूपक किंवा दहा मात्रांचा झपताल या चौकटीत बसवता येतो. मींड आणि आंदोलनही साधता येते. पण त्यासाठी नवशिक्याला मुद्दाम वाट वाकडी करावी लागते, आणि नवशिक्या सहसा समोर मांडलेल्या वाटेनेच जातो.

हा वाद आपल्याला नवा नाही. पेटीच्या ठरीव स्वरांमुळे आपल्या संगीताचे नुकसान होते, या भूमिकेतून आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती. ती शिथिल व्हायला १९७१ उजाडले. मधल्या तीन दशकांत पेटी कीर्तनातून गेली नाही, भजनातून गेली नाही, संगीत नाटकांतूनही गेली नाही. साधनावर रोष धरून संगीत वाचत नाही, हा त्यातील धडा. साधनाला आपले व्याकरण शिकवणे हा अधिक फलदायी मार्ग आहे. ‘मिडी’च्या २०२० मधील दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक स्वराची उंची स्वतंत्रपणे बदलण्याची सोय झाली आहे. तिचा उपयोग भारतीय तालांची आणि रागांची तयार मांडणी पुरवण्यासाठी व्हावा, हे काम आपल्या संगीत संस्थांनी आणि तंत्रशिक्षण संस्थांनी मिळून हाती घेण्यासारखे आहे.

एक व्यक्ती, चार भूमिका

खरा पेच मात्र कायद्याच्या पुढच्या पायरीवर आहे. स्टुडिओच्या काळात शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, आवाज तिसऱ्याचा आणि भांडवल चौथ्याचे असे. कायद्याने प्रत्येकाचा हक्क वेगळा मानला आहे. गीत आणि संगीतरचना यांवर रचनाकाराच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क असतो. ध्वनिमुद्रणावर ते प्रसिद्ध झाल्यानंतर ६० वर्षे. आणि गायक-वादकाला सादरकर्ता म्हणून निराळा हक्क आहे. घरी एकटीने गाणे करणारी मुलगी या चारही भूमिका एकाच वेळी निभावत असते. म्हणजे चारही हक्क तिचे असतात, आणि ते मिळण्यासाठी कोठेही नोंदणी करण्याची सक्ती नाही. परंतु हे तिला ठाऊक नसते. एखाद्या कंपनीने ठोक रक्कम देऊन ‘सर्व हक्क कायमचे’ असे लिहिलेला कागद पुढे केला, की ती चारही हक्कांवर एकाच सहीने पाणी सोडते.

यातील विसंगती अशी, की कायदा तिच्या बाजूने आहे. जून २०१२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात एक मूलगामी तरतूद केली. ध्वनिमुद्रणात समाविष्ट झालेल्या गीताच्या किंवा संगीतरचनेच्या रचनाकाराला, रॉयल्टीतील समान वाट्याचा आपला हक्क हक्क विकत घेणाऱ्याच्या स्वाधीन करताच येत नाही. तो वारसांना किंवा नोंदणीकृत हक्कसंस्थेलाच देता येतो. त्याखेरीज हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीसह असावे लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरताच दिला, असे समजले जाते. या दुरुस्तीच्या वेळी राज्यसभेतील सदस्य या नात्याने जावेद अख्तर यांनी रचनाकारांची बाजू आग्रहाने मांडली होती. तेव्हा समोर होते ते चित्रपटसृष्टीतील रचनाकार. आज त्याच तरतुदींची सर्वाधिक गरज घरातून गाणी करणाऱ्यांना आहे, आणि त्यांच्यापर्यंतच त्या पोहोचलेल्या नाहीत.

रॉयल्टीचा प्रवाहही दुहेरी आहे. गाणे ऐकले गेले की ध्वनिमुद्रणाचा मोबदला एका वाटेने येतो. शब्द व चालीचा मोबदला दुसऱ्या वाटेने. या दुसऱ्या मोबदल्याची वसुली व वाटप करणारी ‘आयपीआरएस’ ही संस्था १९६९ मध्ये स्थापन झाली आणि २०१७ मध्ये तिची नव्या कायद्याखाली पुन्हा नोंदणी झाली. जो रचनाकार तिचा सभासद नाही किंवा ज्याने आपल्या रचना तेथे नोंदवलेल्या नाहीत, त्याच्यापर्यंत हा वाटा पोहोचण्याची शक्यता कमी. ध्वनिमुद्रणाला मिळणारा ‘आयएसआरसी’ हा बारा अक्षरांकांचा संकेत आणि सोबतच्या नोंदीतील गीतकार-संगीतकारांची नावे अचूक नसतील, तर पैसा असूनही तो कोणाचा हे कळत नाही. पूर्वी वाटा नाकारला जाई. आता तो नोंदीअभावी वाटेतच हरवतो.

ज्याला हक्क, त्याला कर्तव्यही

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. घरी संगीत करणारा तरुण कायद्याच्या दृष्टीने ‘निर्माता’ही असतो. राजस्थानातील एखाद्या मांगणियार गायकाची तान फोनवर टिपून, तिचे तुकडे करून, ठेक्यावर बसवणे आता काही मिनिटांचे काम आहे. पारंपरिक चालीला कोणी एक ज्ञात रचनाकार नसतो; त्यामुळे तिच्या ध्वनिमुद्रणावर पहिला दावा करणाराच मालक ठरण्याचा धोका आहे. परंतु गाणाऱ्याचा सादरकर्ता म्हणून असलेला हक्क संपत नाही. त्याच्या संमतीशिवाय केलेले मुद्रण कायद्याला मान्य नाही, आणि व्यावसायिक उपयोग झाल्यास त्याला रॉयल्टीचाही हक्क आहे. ग्रामोफोन कंपनीच्या काळात जी असमानता कंपनी आणि गायक यांच्यात होती, ती आता लॅपटॉप असलेला आणि नसलेला यांच्यात निर्माण होऊ पाहते. तयार लूपचेही असेच. त्यांचा परवाना बहुधा सर्वांना सारखाच असतो. तोच तुकडा वापरलेले दुसऱ्या कोणाचे गाणे आधी नोंदले गेले असेल, तर स्वयंचलित यंत्रणा नव्या गाण्यावर दावा लावू शकते.

धोरणाने काय करावे?

केंद्र सरकारने २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात ॲनिमेशन, दृश्यपरिणाम, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रासाठी कृतिगटाची घोषणा केली. त्याच दिशेने मुंबईत ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज’ उभी राहत आहे. हे स्वागतार्हच, पण या यादीत ध्वनीचे नाव नाही. करव्यवस्थाही हाताने बनवलेल्या तबला-सतारीला करमुक्त ठेवते आणि लॅपटॉपवर १८ टक्के कर आकारते. सगळ्याच लॅपटॉपना सूट मागणे शहाणपणाचे नाही. त्याचा लाभ मुख्यतः सुस्थितीतल्यांनाच होईल. त्यापेक्षा शाळा-महाविद्यालयांतील आणि सार्वजनिक वाचनालयांतील संगणकांवर मोफत सॉफ्टवेअर, दोन हेडफोन आणि एक साधा मायक्रोफोन पुरवणे कमी खर्चाचे आणि अधिक न्याय्य आहे.

शिकवण्याचा नमुनाही तयार आहे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअरचे धडे भारतीय भाषांत आणले. त्यांत ‘ऑडॅसिटी’चाही समावेश आहे. त्याच धर्तीवर संगीतनिर्मितीचा पाठ्यक्रम व्हावा आणि त्यात चौकट भरायला शिकवतानाच हक्कांचा एक धडा असावा. स्वामित्वहक्क कार्यालयाने आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत दोन पानी नमुना करार प्रसिद्ध करावा: मुदत किती, प्रदेश कोणता, रॉयल्टी किती, सादरकर्ता कोण. हक्कसंस्थेच्या सभासदत्वाचे अर्जही त्याच भाषांत, फोनवरून भरता यावेत. बौद्धिक संपदा अपील मंडळ २०२१ मध्ये बरखास्त झाल्यानंतर हे वाद न्यायालयांकडे गेले आहेत. काही हजार रुपयांच्या रॉयल्टीसाठी तिथवर कोणी जाणार नाही. अशा लहान दाव्यांसाठी ऑनलाइन मध्यस्थीची सोय असल्याशिवाय २०१२ ची दुरुस्ती कागदावरच राहील.

आकाशवाणी आणि संगीत नाटक अकादमी यांच्या संग्रहांत देशभरच्या वाद्यांचा आणि गायकांचा ठेवा आहे. त्यातील ज्या भागाचे हक्क मोकळे आहेत, तो श्रेयनामासह वापरासाठी खुला केला आणि जेथे वादक हयात आहेत तेथे त्यांच्याशी नवा करार केला, तर घरोघरच्या नव्या संगीतकारांना आपल्याच मातीतले ध्वनी मिळतील आणि त्या ध्वनींमागच्या माणसांना त्यांचा वाटा. कॅसेटने गाणे स्वस्त केले, तेव्हा रचनाकाराच्या हक्काची दुरुस्ती व्हायला तीन दशके लागली. या खेपेला कायदा आधीच तयार आहे. तो पुढच्या सहीपूर्वी त्या विद्यार्थिनीच्या भाषेत तिच्यापर्यंत नेणे, एवढेच करायचे आहे.