जॉन हेन्रीचा हातोडा : अमेरिकेतील कृष्णवर्णीय पुरुष आणि मनाचे आरोग्य

१९४६ सालच्या जुलै महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे विद्वान नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहून, निग्रो समाजाने संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडलेल्या निवेदनाची प्रत मागविली होती. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ओकलंडच्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊनच. त्या समाजाचा लढा आपणांस परिचित आहे. तथापि लढणाऱ्या पुरुषाच्या मनाची काय स्थिती झाली, याविषयी आपल्याकडे फारसे लिहिले गेलेले नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडा परामर्श घ्यावयाचा आहे.

गुलामगिरी संपल्यानंतरच्या काळातील जॉन हेन्री नावाच्या मजुराची लोककथा तेथील घराघरांत सांगितली जाते. रेल्वेच्या बोगद्यासाठी तो हातोड्याने खडकात पोलादी छिन्नी ठोकीत असे. वाफेवर चालणारे यंत्र आले तेव्हा त्याने यंत्राशी शर्यत लावली आणि ती जिंकली. मात्र जिंकताच हातोडा हातात असतानाच तो कोसळून मरण पावला. या कथेतील पराक्रमाचे गुणगान सर्वांनी केले. मृत्यूकडे लक्ष वेधले ते शर्मन जेम्स या कृष्णवर्णीय संशोधकाने. १९७० च्या दशकाच्या अखेरीस नॉर्थ कॅरोलिना राज्यात त्यांची एका वृद्ध शेतकऱ्याशी भेट झाली. योगायोग असा की त्याचेही नाव जॉन हेन्रीच होते. दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने राबणाऱ्या कुटुंबात जन्मलेल्या या माणसाने रात्रंदिवस खपून कर्ज फेडले आणि चाळिशीच्या सुमारास स्वतःची पंचाहत्तर एकर जमीन केली. पुढे पन्नाशीत त्याला उच्च रक्तदाब, सांधेदुखी आणि जठरव्रणाने ग्रासले, व जठराचा मोठा भाग कापून काढावा लागला.

जेम्स यांनी या वृत्तीला 'जॉन हेन्रीवाद' असे नाव दिले आणि ती मोजण्यासाठी बारा विधानांची एक प्रश्नावली तयार केली. त्यांचा विचार थोडक्यात असा. अडचण कितीही मोठी असो, अधिक कष्ट करून तिच्यावर मात करता येते, असे ज्या माणसाला ठामपणे वाटते, पण ज्याच्याजवळ पैसा, शिक्षण, ओळखीपाळखी यांपैकी काहीच नाही, त्याच्या शरीराला या जिद्दीची किंमत मोजावी लागते. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका पाहणीत, ही वृत्ती प्रबळ असलेल्या कृष्णवर्णीयांपैकी गरीब गटात उच्च रक्तदाबाचे प्रमाण सुस्थित गटाच्या जवळजवळ तिप्पट आढळले. नंतरच्या सर्वच पाहण्यांनी याला दुजोरा दिला असे नाही, हे नमूद करणे भाग आहे. तरीही जिद्द हा दोष आहे असे जेम्स कोठेच म्हणत नाहीत. साधनांवाचून केलेली जिद्द माणसाला आतून झिजवते, एवढेच त्यांचे म्हणणे आहे. घरातला पहिलाच पदवीधर होऊन शहरात नोकरीस लागलेल्या आणि गावाकडच्या दहा माणसांचा भार मुकाट्याने वाहणाऱ्या आपल्या भावाकडे पाहिले म्हणजे हे म्हणणे दूरचे वाटत नाही.

मग हा पुरुष डॉक्टरकडे का जात नाही? 'पुरुषाने रडू नये' ही शिकवण हे एक कारण खरेच. परंतु सारा दोष त्याच्या हट्टीपणावर टाकणे अन्यायाचे होईल. १८५१ साली सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टरने गुलामाचे पळून जाणे हा मनाचा रोग ठरवून त्याला 'ड्रॅपेटोमेनिया' असे भारदस्त नाव दिले होते, आणि उपचार म्हणून फटके सुचविले होते. शंभर वर्षांनंतरही प्रकार फारसा निराळा नव्हता. १९६८ साली दोन मानसोपचारतज्ज्ञांनी नागरी हक्कांच्या चळवळीतील संतापाला 'निषेधजन्य मनोविकृती' म्हटले. मिशिगन राज्यातील आयोनिया येथील मनोरुग्णालयाच्या जुन्या नोंदी तपासून जोनाथन मेट्झल यांनी २००९ साली दाखवून दिले की, त्याच काळात छिन्नमनस्कतेचे निदान कृष्णवर्णीय पुरुषांवर अधिकाधिक लादले जाऊ लागले. टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ या चाळीस वर्षांत सुमारे चारशे उपदंशग्रस्त कृष्णवर्णीय पुरुषांना, औषध उपलब्ध झाल्यावरही, केवळ निरीक्षणासाठी उपचारावाचून ठेवण्यात आले. ज्याच्या आजोबाने हे ऐकले, पाहिले, तो मनातली गोष्ट परक्या डॉक्टरपुढे सहजासहजी कशी उघडी करील?

म्हणून स्वतःची काळजी स्वतः घेण्याची भाषा तेथे चळवळीतूनही आली. ब्लॅक पँथर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बंदुका येतात; पण १९७० पासून या संघटनेने आपल्या शाखांना मोफत दवाखाने काढावयास लावले होते. कर्करोगाशी झुंजणाऱ्या कवयित्री ऑड्री लॉर्ड यांनी १९८८ साली स्वतःची निगा राखणे हीसुद्धा राजकीय कृती असल्याचे प्रतिपादन केले. आज त्याच शब्दाच्या नावावर साबणे आणि अत्तरे विकली जातात, तो भाग सोडून देऊ.

अलीकडचा एक प्रयोग विशेष लक्षणीय आहे. कृष्णवर्णीय पुरुष जेथे निःसंकोच बोलतो ती जागा म्हणजे केशकर्तनालय. २०१८ साली लॉस एंजेलिसच्या परिसरातील ५२ केशकर्तनालयांत ३१९ पुरुषांवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्या दुकानांत औषधतज्ज्ञ स्वतः येऊन औषध ठरवून देत, तेथील गिऱ्हाइकांचा वरचा रक्तदाब सहा महिन्यांत सरासरी २७ अंकांनी उतरला. जेथे न्हाव्याने केवळ डॉक्टरकडे जाण्याचा सल्ला दिला तेथे तो नऊच्या आसपास उतरला. मनाच्या दुखण्यासाठीही हीच वाट चोखाळली जात आहे. आर्कान्सा राज्यात लॉरेन्झो लुईस यांनी २०१६ साली स्थापन केलेली 'द कन्फेस प्रोजेक्ट' ही संस्था न्हाव्यांना ऐकून घेण्याचे शिक्षण देते. गिऱ्हाइकाचे बोलणे न तोडणे, त्याला बोल न लावणे आणि गरज दिसल्यास योग्य ठिकाणी पाठविणे, असे त्याचे स्वरूप आहे.

अडचण येते ती त्या 'योग्य ठिकाणी'. अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय शेकडा तेराच्या आसपास आहेत. मानसोपचारतज्ज्ञांत मात्र त्यांचे प्रमाण शेकडा दोन-तीनच्या पुढे नाही. न्हाव्याने दिलेला पत्ता खिशात घेऊन जाणाऱ्या तरुणाला दारापलीकडे आपला वाटावा असा डॉक्टर भेटण्याचा संभव आजही कमीच आहे.