इंटरनेटचे जुने आणि नवे पत्ते
इंटरनेटला जोडलेल्या उपकरणांना अंकीय पत्ते लागतात आणि माहितीचे तुकडे त्या पत्त्यांवर कसे पोहोचवावेत याचे नियम ज्या संहितेत असतात, तिला इंटरनेट प्रोटोकॉल म्हणतात. १९८१ मध्ये निश्चित झालेल्या तिच्या चौथ्या आवृत्तीत, म्हणजे आयपीव्ही४ मध्ये, पत्ता ३२ बिटांचा, अर्थात शून्य किंवा एक अशा ३२ अंकांचा असल्यामुळे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटींपलीकडे जाऊ शकत नाहीत. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातील अखेरचे गटही वाटले गेले. तत्पूर्वीच अनेक उपकरणांना एकाच सार्वजनिक पत्त्याआड ठेवणारी ‘नॅट’ ही पत्तेबदलाची पद्धत रूढ झाली होती. तिने टंचाई लांबवली खरी, परंतु कोणत्याही दोन यंत्रांना एकमेकांशी थेट संपर्क साधता यावा हे इंटरनेटचे मूळ तत्त्व तिने दुबळे केले, आणि ही हानी टंचाईहूनही गंभीर मानावी लागेल.

या टंचाईवर उपाय म्हणून आलेल्या प्रोटोकॉलच्या सहाव्या आवृत्तीत, म्हणजे आयपीव्ही६ मध्ये, पत्ता १२८ बिटांचा असल्याने उपलब्ध पत्त्यांची संख्या ३४ वर ३७ शून्ये इतकी प्रचंड होते. शिवाय माहितीच्या तुकड्याचे मूळ शीर्ष ४० बाइटांचे ठरीव असून, वाटेतल्या राउटरला, म्हणजे मार्ग ठरवणाऱ्या यंत्राला, त्या शीर्षाची बेरीज-तपासणी प्रत्येक टप्प्यावर पुन्हा करावी लागत नाही.

मात्र या दोन आवृत्त्यांचा परस्परांशी थेट संवाद होत नाही, म्हणून बहुतेक जाळ्यांना दोन्ही शेजारी-शेजारी चालवाव्या लागतात. भारतात २०१६ नंतर झपाट्याने पसरलेल्या ४जी मोबाइल सेवेमुळे आयपीव्ही६ चा वापर जगातील आघाडीच्या देशांइतका वाढला.