गणित चोख, पण विक्रेता कोण?

बिटकॉइन चालवायला बँक लागत नाही, सरकार लागत नाही. जगभरच्या संगणकांवर एकच हिशेबवही चालते आणि तिच्यात खोटी नोंद घुसवणं जवळपास अशक्य आहे. ३ जानेवारी २००९ रोजी सुरू झालेली ही वही आजवर टिकून आहे. त्यामुळे अनेकांची समजूत होते की इथे फसवणुकीला वावच नाही. पण गणिताची हमी त्या वहीपुरतीच आहे. मायनिंगचं, म्हणजे वहीत नव्या नोंदी जोडून बिटकॉइन कमावण्याचं, मशीन आपण माणसाकडून घेतो, वॉलेटचं उपकरण माणसाकडून घेतो, कॉइन खरेदी-विक्रीच्या ज्या एक्स्चेंजवर ठेवतो तेही माणसंच चालवतात. या क्षेत्रातल्या मोठ्या फसवणुका घडल्या त्या याच जागी. म्हणून इथल्या रूढ समजुती नीट तपासून पाहायला हव्यात.

‘घरच्या कॉम्प्युटरवर, अगदी मोबाइलवरही मायनिंग होतं’

२००९ मध्ये साध्या कॉम्प्युटरवर होत होतं. मग लोक ग्राफिक्स कार्डांकडे वळले आणि २०१३ पासून ‘एसिक’ मशीनं आली. या मशीनमधली चिप बिटकॉइनचं तेवढं एकच गणित करते, पण अफाट वेगाने करते. तेव्हापासून लॅपटॉपवर बिटकॉइनचं मायनिंग म्हणजे निव्वळ वीज वाया घालवणं आहे. मोबाइलवर मायनिंग करणाऱ्या ॲपना गूगल आणि ॲपल या दोघांनीही २०१८ मध्येच आपल्या दुकानांत बंदी घातली. तरी अशी ॲप येतच राहतात. लुकआउट या सुरक्षा कंपनीने २०२१ मध्ये क्लाउड मायनिंगच्या (दुसऱ्याची मशीनं भाड्याने घेऊन करायच्या मायनिंगच्या) नावाखाली पैसे घेणारी १७०हून अधिक अँड्रॉइड ॲप शोधली. त्यांच्या मागे कुठलंही मायनिंग नव्हतं. पडद्यावर नुसता आकडा वाढताना दिसत होता. इथेरियम या दुसऱ्या मोठ्या क्रिप्टोचलनाचं सांगायचं तर, १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्याने मायनिंगची पद्धतच सोडून दिली. आज कुणी ‘इथेरियम मायनिंग रिग’ विकत असेल, तर त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही.

‘मशीन घेतलं की दरमहा ठरावीक उत्पन्न’

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच, म्हणून इथे जरा थांबतो.

बिटकॉइनच्या वहीतला नोंदींचा नवा गठ्ठा, म्हणजे ब्लॉक, सरासरी दर दहा मिनिटांनी तयार होतो. एप्रिल २०२४ पासून एका ब्लॉकला ३.१२५ बिटकॉइन मिळतात. म्हणजे दिवसाला साधारण ४५०, आणि तेही साऱ्या जगात मिळून. मशीनं दुप्पट झाली तरी हा आकडा वाढत नाही, कारण दर २,०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे सुमारे दोन आठवड्यांनी, गणिताची काठिण्यपातळी आपोआप बदलते. जगात कुठेही नवं मशीन सुरू झालं की तुमचा वाटा तेवढा घटतो. शिवाय साधारण दर चार वर्षांनी बक्षीस निम्मं होतं.

आता हिशेब करू. अँटमायनर एस२१ हे मशीन सेकंदाला २०० टेराहॅश (गणिताच्या प्रयत्नांचं माप) वेगाने चालतं आणि सुमारे ३,५०० वॉट वीज खातं. २०२५ मध्ये साऱ्या नेटवर्कचा वेग एक अब्ज टेराहॅशच्या घरात पोहोचला. म्हणजे एका मशीनचा वाटा पन्नास लाखांत एक. ते एकट्याने चालवलं तर एक ब्लॉक मिळायला सरासरी पंचाण्णव वर्षं लागतील. म्हणून लोक अनेकांची मशीनं एकत्र आणणाऱ्या पूलमध्ये सामील होतात आणि वाट्याप्रमाणे रोज थोडंथोडं घेतात. तो वाटा दिवसाला ०.००००९ बिटकॉइन भरतो. एका बिटकॉइनचा भाव नव्वद लाख रुपये धरला, तर झाले ८१० रुपये. मशीनला रोज ८४ युनिट वीज लागते. दहा रुपये युनिट धरलं तर बिल ८४० रुपये! पूलचं कमिशन, मशीनची किंमत आणि दुरुस्ती यांना अजून आपण हातही लावलेला नाही. त्यावर कर आहेच. भारतात क्रिप्टोवरच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि मायनिंगच्या यंत्रणेवर झालेला खर्च खरेदीची किंमत म्हणून वजा करता येणार नाही, असं केंद्र सरकारने २०२२ मध्ये संसदेत स्पष्ट केलं आहे. भाव वाढेल, कमी होईल, काठिण्यपातळीही हलेल. पण हिशेब मांडायची रीत हीच. ती न मांडता फक्त ‘महिन्याला इतके मिळतील’ सांगणारा विक्रेता अर्धंच सांगतो आहे.

यातूनच दुसरी गोष्ट निघते: मशीन कधी हातात पडतं, यावर सगळं अवलंबून आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या बटरफ्लाय लॅब्स या कंपनीने जून २०१२ पासून मशीनची पूर्ण किंमत आगाऊ घ्यायला सुरुवात केली. १४९ डॉलरपासून जवळपास ३० हजार डॉलरपर्यंतची मशीनं होती. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनच्या म्हणण्यानुसार सप्टेंबर २०१३ पर्यंत वीस हजारांहून अधिक ग्राहकांना काहीच मिळालेलं नव्हतं. त्याच काळात काठिण्यपातळी पन्नास पटींहून अधिक वाढली होती. उशिरा का होईना, ज्यांना मशीन मिळालं, त्यांच्या हाती कमाईच्या दृष्टीने जवळपास भंगारच आलं. सप्टेंबर २०१४ मध्ये कमिशनने न्यायालयात जाऊन कंपनीचा कारभार थांबवला. ही कंपनी अज्ञात नव्हती. तिचा पत्ता होता, कारखाना होता, चर्चाही भरपूर होती. नाव ऐकलेलं आहे एवढ्यावर आगाऊ पैसे भरणं किती धोक्याचं असतं, हे या एका प्रकरणातून पुरेसं कळतं.

‘मशीनची कटकट नको, क्लाउड मायनिंगमध्ये हमखास परतावा’

याचं सर्वांत मोठं भारतीय उदाहरण पुण्याशी जोडलेलं आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या गेनबिटकॉइन योजनेत बिटकॉइन गुंतवा, अठरा महिने दरमहा दहा टक्के बिटकॉइन परत घ्या, असं आश्वासन होतं. नवे सभासद आणणाऱ्याला कमिशन होतं. पुढे परतावा बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाच्या त्यांच्याच टोकनमध्ये दिला जाऊ लागला. त्याचं मोल फार कमी होतं. पुण्यात गुन्हे दाखल झाले, मुख्य आरोपी अमित भारद्वाज यांना २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये त्यांचं निधन झालं आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने देशभरातली प्रकरणं सीबीआयकडे सोपवली. गोळा झालेल्या बिटकॉइनचं मोल ईडीने सुमारे ६,६०० कोटी रुपये सांगितलं आहे.

न्यायालयात जे सिद्ध व्हायचं ते होईल. पण त्या आश्वासनातली विसंगती पहिल्याच दिवशी ओळखता येण्यासारखी होती. जुलै २०१६ मध्ये ब्लॉकचं बक्षीस ठरल्याप्रमाणे २५ वरून १२.५ वर आलं. २०१६ आणि २०१७ या दोन वर्षांत काठिण्यपातळी पंधरा पटींहून अधिक वाढली. ज्या धंद्यात तेच मशीन दर महिन्याला कमी बिटकॉइन देतं, त्यात दरमहा ठरावीक बिटकॉइनची हमी मायनिंगमधून देणं शक्यच नाही. ‘हमखास’ हा शब्द मायनिंगसोबत दिसला की एवढं गणित आठवा.

‘कॉइन वॉलेटमध्ये असतात, वॉलेट घेतलं की सुरक्षित’

कॉइन त्या सार्वजनिक वहीतच असतात. वॉलेटमध्ये असते ती ते खर्च करण्याची गुप्त किल्ली. ती किल्ली पुन्हा तयार करता येते अशा १२ किंवा २४ इंग्रजी शब्दांना सीड फ्रेज म्हणतात. ते शब्द ज्याच्याकडे, कॉइन त्याचे. म्हणून प्रश्न उपकरण किती महाग हा नसून शब्द कुणी तयार केले आणि आणखी कुणी पाहिले, हा आहे.

कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने २०२३ मध्ये तपासलेलं एक बनावट ट्रेझर वॉलेट बाहेरून हुबेहूब अस्सल होतं. आतल्या बदललेल्या प्रोग्राममुळे ते नवे शब्द तयार न करता, चोरांनी आधीच ठरवून ठेवलेल्या वीस संचांपैकी एक देत असे. वॉलेट बनवणाऱ्या लेजर कंपनीचा ग्राहकांचा डेटा २०२० मध्ये फुटला. सुमारे २,७२,००० लोकांची नावं, पत्ते, फोन नंबर बाहेर आले. पुढच्या वर्षी त्यातल्या काहींना घरपोच ‘नवं, अधिक सुरक्षित’ उपकरण आलं. ते बनावट होतं.

म्हणून हार्डवेअर वॉलेट कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून किंवा तिने जाहीर केलेल्या विक्रेत्याकडूनच घ्यावं. डब्यात आधीच लिहिलेले शब्द निघाले तर ते वापरू नये. कंपनीच्या अधिकृत ॲपमधून उपकरणाची खातरजमा करावी, मग शब्द स्वतः तयार करून कागदावर लिहावेत. आधी थोडीच रक्कम पाठवावी, उपकरण पुसून त्या शब्दांवरून पुन्हा उभं करून पाहावं, आणि ते जमलं तरच पुढे जावं. शब्दांचा फोटो काढू नये. ‘सपोर्ट’मधून कुणी ते मागितले, तर तो चोर समजावा.

एक्स्चेंजवर ठेवलेल्या कॉइनच्या किल्ल्या तुमच्याकडे नसतात. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली आणि ग्राहकांना आपले कॉइन काढायला वर्षाहून अधिक काळ थांबावं लागलं.

‘साइटवर कुलपाचं चिन्ह आहे, म्हणजे विक्रेता खरा’

ते चिन्ह फक्त इतकंच सांगतं की तुमच्या आणि त्या साइटच्या मधला संवाद तिसऱ्याला वाचता येत नाही. समोरचा कोण आहे, हे ते सांगत नाही. भामटाही ते फुकट मिळवतो. लोक त्याचा चुकीचा अर्थ लावतात म्हणून गूगलने २०२३ मध्ये क्रोममधून ते काढूनच टाकलं. विक्रेत्याची खरी परीक्षा पैसे घेण्याच्या रीतीत होते. क्रिप्टोत दिलेले पैसे परत फिरवता येत नाहीत. तेव्हा बाजारभावापेक्षा बरंच स्वस्त मशीन, पूर्ण रक्कम आधी आणि तीही क्रिप्टोत, हे तिन्ही एकत्र आले की व्यवहार सोडून द्यावा. जुनं मशीन घ्यायचं तर ते सुरू असताना, पूर्ण वेगाने चालताना, सीरियल नंबर जुळवून डोळ्यांनी पाहावं.

‘ब्लॉकचेनवर सगळं दिसतं, तेव्हा चोरलेले कॉइन परत आणता येतात’

दिसतं, पण परत फिरवता येत नाही. कॉइन कुठल्या पत्त्यावर गेले हे शोधता येतं आणि ते एखाद्या एक्स्चेंजवर पोहोचले तर पोलीस ते खातं गोठवायला सांगू शकतात. याला वेळेची मर्यादा फार कडक असते. ‘आम्ही कॉइन परत मिळवून देतो, आधी फी भरा’ म्हणणारा बहुतेक वेळा दुसऱ्यांदा लुटायलाच आलेला असतो.

असं काही घडलं असेल तर लाजून गप्प बसू नका. व्यवहाराचा क्रमांक, पत्ते, चॅट आणि पावत्या जपून ठेवा आणि लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करा.