चाळिशीआधीच पाळी जाते तेव्हा

भिलाईच्या आसपास २०१२ चं ‘गर्भाशय कांड’ अजून लोकांच्या लक्षात आहे. सरकारी आरोग्य विम्याच्या पैशांसाठी कॅन्सरची भीती घालून तरुण बायकांच्याही गर्भपिशव्या काढल्याचा आरोप तेव्हा छत्तीसगडमधल्या काही खासगी डॉक्टरांवर झाला. महाराष्ट्राने नाक मुरडू नये. बीड जिल्ह्यात २०१९ च्या सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली.

पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं गेली, की रजोनिवृत्ती तत्काळ येते. नुसती पिशवी काढली, तरी अंडाशयं वेळेआधी थकू शकतात.

अर्थात चाळिशीआधी पाळी जाण्याचं शस्त्रक्रिया हे एकच कारण नाही. केमोथेरपी, किरणोपचार, टर्नर सिंड्रोम, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अंडाशयांवर उलटणं अशीही कारणं असतात; पुष्कळदा कारण सापडतच नाही. पाळी लांबते, रात्री घाम फुटतो, झोप उडते, आणि घरचे म्हणतात, “टेन्शन असेल गं!”

गर्भधारणा नाही याची खात्री करून एफएसएच या संप्रेरकाची रक्तचाचणी करतात. आकडा २५ च्या वर गेला की शंका बळावते.

अशा अकाली रजोनिवृत्तीवर इस्ट्रोजेन देतात, साधारण पन्नाशीपर्यंत. गर्भपिशवी असेल तर जोडीला प्रोजेस्टेरॉनही. ही चैन नव्हे, हाडं आणि हृदय यांची राखण आहे. स्तनाचा कॅन्सर झालेल्यांना मात्र ते सहसा देत नाहीत. शस्त्रक्रियेविना पाळी गेलेल्यांपैकी सुमारे पाच टक्के जणींना पुढे आपोआप दिवसही जातात.

चाळिशीआधी चार महिने पाळी आली नाही, तर तपासून घ्या. पिशवी काढायला सांगितली, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या आणि अंडाशयं राहणार का, हे सही करण्याआधी विचारा.